विश्लेषण : सायबर सुरक्षा, ‘एआय’ अभ्यासक्रमात आले, हिंगोलीत ते शिकवणार कोण?

सायबर गुन्ह्यांच्या तपासाला मदत करणारी ‘महाक्राइमओएस एआय’ ही प्रणाली राज्यातील १,१०० पोलीस ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत झाली. त्याच्या दीड वर्ष आधी, १ जुलै २०२४ पासून, मोबाइल किंवा संगणकातील पुरावा न्यायालयात देताना तज्ज्ञाच्या सहीचे प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक झाले. सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच तयार करून दिला आहे. प्रणाली आली, कायदा आला, पुस्तकही आले. पण तिन्हींना लागणारा, विषय खरोखर जाणणारा आणि जिल्ह्यात टिकून राहणारा प्राध्यापक हिंगोलीसारख्या ठिकाणी कुठून येणार, हा प्रश्न मागेच राहिला आहे.

अभ्यासक्रमात नेमके काय आहे?

आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पदवीच्या भागात सायबर सुरक्षेची ओळख, सायबर गुन्हे व कायदा, समाजमाध्यमे, ऑनलाइन व्यवहार आणि मोबाइल-संगणकाची सुरक्षा असे घटक आहेत. केवळ संगणकशास्त्राच्या नव्हे, कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल अशी त्याची रचना आहे. ऑनलाइन तक्रार कशी नोंदवायची, मोबाइलमधील ॲपना कोणत्या परवानग्या द्यायच्या, अशी प्रात्यक्षिकेही त्यात आहेत. कागदावर अभ्यासक्रम चांगला आहे, यात वाद नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात असे विषय बहुधा दोन-तीन क्रेडिटच्या पेपरमध्ये बसवले जातात. एक क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला सगळे मिळून ३० तास. या ३० तासांत उद्योग आणि सरकारी यंत्रणांतील तज्ज्ञांची व्याख्याने ठेवावीत, अशीही आयोगाची सूचना आहे. पुण्यातील किंवा हैदराबादेतील तज्ज्ञ सेनगावला कधी येणार? मग ऑनलाइन व्याख्यान होते, शेवटी फॉर्म भरला की प्रमाणपत्र मिळते आणि उपक्रमाची नोंद मूल्यांकनाच्या फाइलला लागते. विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये मात्र काही बदललेले नसते.

हिंगोलीतील चित्र काय?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, परभणी, लातूर आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. विद्यापीठाचे संगणकीय शास्त्र संकुल नांदेडला. हिंगोलीपासून ते सुमारे ९० किलोमीटरवर. जिल्ह्यात पाचही तालुक्यांत पदवी महाविद्यालये आहेत, हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे.

अडचण इमारतींची नाही. संगणकाशी संबंधित पदवी अभ्यासक्रम, म्हणजे बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्र, राज्यात बहुतांश ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. म्हणजे शिक्षकाचा पगार सरकार देत नाही, तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवावा लागतो. ग्रामीण भागात शुल्क वाढवण्याला मर्यादा, म्हणून पगारालाही मर्यादा. त्यात २०२४ मध्ये बीसीए-बीबीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि प्रवेशासाठी सीईटी सक्तीची झाली. गावाकडच्या अनेक मुलांना बारावीनंतर अशी परीक्षा असते हेच वेळेत कळले नाही. राज्यभर जागा रिकाम्या राहिल्या, पुन्हा सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून मार्ग काढला. विद्यार्थी घटले की तासिका घटतात आणि तासिका घटल्या की पहिली कात्री तात्पुरत्या शिक्षकावर चालते.

मग पदे का भरली जात नाहीत?

राज्य सरकारने २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक पदे भरण्यास परवानगी दिली. त्यातील १,४९२ भरली गेल्यावर प्रक्रिया थांबली. उरलेल्या २,०८८ पदांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा शासन निर्णय काढावा लागला. हिशेब धरला होता १ ऑक्टोबर २०१७ च्या रिक्त पदांचा. तेव्हा ‘चॅटजीपीटी’ नव्हते आणि ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्दही कुणाच्या कानावर नव्हता.

यातली खरी गुंतागुंत मोजणीची आहे. पदे ठरतात ती विषयाच्या कार्यभारावर, म्हणजे आठवड्याला किती तासिका होतात त्यावर. सायबर सुरक्षेसारखा सर्व शाखांसाठीचा छोटा पेपर आला म्हणून नवे पद निर्माण होत नाही. ज्याच्या तासिका कमी पडतात त्याच्याकडे तो पेपर सोपवला जातो. भूगोलाचे किंवा वाणिज्यचे प्राध्यापक हा विषय मन लावून शिकवणारच नाहीत असे नाही. काही जण तो उत्तम शिकवतातही. पण त्यांच्याकडून या विषयातील संशोधनाची अपेक्षा करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

पात्रतेचाही पेच आहे. ‘नेट’ किंवा ‘सेट’ परीक्षेत सायबर सुरक्षा असा स्वतंत्र विषय नाही. उमेदवार ‘संगणकशास्त्र व उपयोजन’ या विषयातूनच येतो. ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणाला पुण्यात किंवा बेंगळूरुत खासगी नोकरी मिळू शकते. नियमित सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे आणि त्यासाठी तो आनंदाने गावाकडे राहीलही. पण त्याच्यासमोर जे असते ते तासिका तत्त्व, म्हणजे ‘सीएचबी’. जेवढे तास तेवढे मानधन, सुट्ट्यांचे काही नाही आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज.

तासिका तत्त्वामुळे संशोधन कसे अडते?

येथे एक नियम फारसा चर्चेत येत नाही. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधन मार्गदर्शक होण्यासाठी कायमस्वरूपी प्राध्यापक असावे लागते. सहायक प्राध्यापकाला पीएच.डी., पाच वर्षांचा अनुभव आणि तीन शोधनिबंध लागतात. मान्यता मिळाल्यावर तो एका वेळी चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतो. तासिका तत्त्वावरील शिक्षकाने डॉक्टरेट मिळवली, निबंधही छापले, तरी तो मार्गदर्शक होऊ शकत नाही. म्हणजे ज्या विषयात नियमित पद नाही, त्या विषयात जिल्ह्यात मार्गदर्शक नाही. मार्गदर्शक नाही म्हणून संशोधक विद्यार्थी नाही आणि संशोधक विद्यार्थी नाही म्हणून दहा वर्षांनंतरचा प्राध्यापकही नाही.

याउलट नियमित पदे आणि सलग वर्षे मिळाली तर काय होते, त्याचे उदाहरण शेजारच्या नांदेडातच आहे. विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत प्रतिमा प्रक्रियेवर अनेक वर्षे काम सुरू आहे. प्रा. मनेश कोकरे यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट’, संक्षेपाने ‘आयडीआरआयडी’, हा छायाचित्रसंच जगासाठी खुला केला. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा यंत्राला ओळखता यावी, यासाठीची ही ५१६ छायाचित्रे. ती नांदेडच्या एका नेत्र रुग्णालयातील रुग्णांची आहेत. त्यातील ८१ छायाचित्रांवर तर रक्तस्राव, चरबीचे साके आणि इतर खुणा बिंदूबिंदूने आखलेल्या आहेत. एखादे छायाचित्र उघडून बसावे आणि एकेक डाग कडेने रेखाटत जावे, असे हे चिकाटीचे काम. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील परिषदेत या संचावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या प्रणाली नांदेडच्या रुग्णांच्या डोळ्यांवर पारखल्या. पुढे २०२१ मध्ये याच परंपरेतून ३,२०० छायाचित्रांचा आणखी एक संच आला. त्यात नेत्रपटलाच्या ४६ प्रकारच्या व्याधींची नोंद आहे.

हे महागड्या महासंगणकामुळे घडले नाही. जागेवर टिकलेले प्राध्यापक, त्यांच्याकडे तीन-चार वर्षे काम करणारे विद्यार्थी आणि शहरातील डॉक्टरांशी असलेली ओळख, एवढ्यावर ते झाले. नेमकी हीच तीन गोष्टींची जुळणी हिंगोलीत होत नाही.

बाहेरचे तज्ज्ञ, ऑनलाइन अभ्यासक्रम पुरणार नाहीत का?

तत्त्व शिकवायला पुरतील. सांकेतिकीकरण कसे होते हे मुंबईहून सांगितले काय आणि मद्रासहून सांगितले काय, सारखेच. पण फसवणूक स्थानिक असते. तिची भाषा, तिची वेळ आणि तिचा विषय गावाकडचा असतो.

‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिका अशा नावांच्या ‘एपीके’ फाइलचे उदाहरण घ्या. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाकडून फाइल येते. उघडली की ती अधिकृत ॲप-दुकानाबाहेरचे ॲप बसवण्याची आणि मग संदेश वाचण्याची परवानगी मागते. दोन्ही दिल्या की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोराकडे पोहोचतो. पुढे तीच फाइल त्याच मोबाइलमधून संपर्कयादीतील सगळ्यांना जाते. म्हणून ती ‘ओळखीच्या माणसाकडून’ आलेली असते. हे समजून घेण्यासाठी पदवी लागत नाही. पण अशा फाइलींचे नमुने गोळा करून, त्या कुठे संपर्क साधतात आणि मराठी मजकूर कसा बदलत जातो हे सुरक्षित प्रयोगशाळेत तपासणारा कुणीतरी लागतो.

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळद विकली की शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाची कमाई एका हप्त्यात येते. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे हळदीच्या नावाने बनावट खरेदीदार, बनावट नोंदणी, बनावट अनुदान असे सापळे रचायला जागा आहे. हंगाम कधीचा, पैसे कधी येतात, कोणता निरोप खरा वाटेल, हे वसमतच्या माणसाला जेवढे कळेल तेवढे बाहेरच्या तज्ज्ञाला कळणार नाही.

भाषेचेही तसेच. पुण्यातील ‘एल३क्यूब’ गटाने २०२२ मध्ये मराठीतील द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठी २५ हजारांहून अधिक ट्वीटचा संच खुला केला. मराठीसाठी ते मोलाचे काम आहे. तरीही ट्विटरवरची मराठी आणि कळमनुरीच्या व्हॉट्सॲप गटातील मराठी यांत अंतर आहे. बोलीतली, चुकीच्या शुद्धलेखनाची, अर्धी रोमी लिपीतली मराठी यंत्राला शिकवायची तर ती बोलणाऱ्यांनीच नोंदवावी लागेल.

देशभरात २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट. यातला पैसा फिरतो तो भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून, आणि अशी खाती देणाऱ्यांत महाविद्यालयीन मुलेही सापडतात. काही हजार रुपयांसाठी पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा मुलगा स्वतः आरोपी होतो. वर्गातील तीस तासांपैकी एक तास जरी कुणी यावर नीट बोलले, तरी एखादे घर वाचेल. फसवणूक झाली तर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन का करायचा, याचे कारणही हेच. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी गोठवता येतो, नंतर जवळपास नाही.

न्यायालयात तज्ज्ञ का लागतो?

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. भाग ‘अ’ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. गणिताच्या एका पद्धतीने संपूर्ण फाइलमधून अक्षरांची आणि आकड्यांची एक ठरावीक लांबीची ओळ तयार होते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. त्यामुळे जप्तीच्या दिवशीची फाइल आणि न्यायालयातील फाइल एकच आहे, हे दाखवता येते.

हे प्रात्यक्षिक कोणत्याही साध्या संगणकावर एका तासिकेत करून दाखवता येते. पण आरोपीच्या वकिलाच्या उलटतपासणीला तोंड देत सही कुणी करायची? सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळांवर आधीच ताण आहे. आणि गरज फक्त पोलिसांनाच आहे असेही नाही. जमिनीच्या वादातील ध्वनिमुद्रण, पोटगीच्या दाव्यातील संदेश, धनादेशाच्या प्रकरणातील ई-मेल, सगळ्यांना हे कलम लागू आहे. विभागात छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. मात्र जिल्हास्तरावर या कामाचा अनुभव असलेला प्राध्यापक असेल तर वकील, पोलीस आणि सामान्य पक्षकार तिघांचीही सोय होईल.

‘महाक्राइमओएस’ने हे प्रश्न सुटतील का?

काही प्रमाणात. राज्याच्या ‘मार्व्हल’ या संस्थेच्या सहभागाने आणि मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उभी राहिलेली ही प्रणाली आधी नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत वापरली गेली. तक्रारीतून आवश्यक माहिती वेगळी काढणे, तपासाचे टप्पे सुचवणे, कायद्याचे संदर्भ पुरवणे अशी कामे ती करते. ज्या ठाण्यात सायबरचा जाणकार अधिकारी नाही तिथे तिचा खरोखर उपयोग होईल. पण यंत्राने चुकीचा खाते क्रमांक उचलला किंवा चुकीचे कलम सुचवले, तर ते ओळखणारा माणूसच लागतो. ‘एआय’ शिकवणाऱ्याचे खरे काम इथे आहे. यंत्र कुठे चुकते, ते इतक्या ठामपणे का चुकते आणि त्याची उलटतपासणी कशी करायची, हे शिकवणे. सध्या ‘एआय’ कार्यशाळांच्या नावाखाली जे चालते त्यात प्रॉम्प्ट कसा लिहावा याच्या पुढे गाडी क्वचितच जाते.

जिल्ह्यात संधी तरी आहेत का?

आहेत, आणि कमी नाहीत. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतील ‘लायगो’त मोजणीत मिसळणारे खोटे संकेत वेगळे काढण्यासाठी यंत्रशिक्षण वापरले जाते. ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या उपक्रमात तर सामान्य लोकही हे वर्गीकरण करतात. औंढ्याच्या महाविद्यालयातील मुले हे काम आजही इंटरनेटवरून करू शकतात, त्यांना बसवून शिकवणारा कुणी असला तर. हिंगोलीत २०२४ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नांदेडच्या नेत्र-छायाचित्रांसारखे काम इथेही उभे राहू शकते. ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद आहे. हळदीचे पीक त्यात कुठे बसते हे मांडायलाही स्थानिक संशोधक हवा.

उपाय काय?

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हा मार्ग आयोगाने २०२२ मध्ये खुला केला. १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला पीएच.डी.शिवाय नेमता येते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, कमाल चार वर्षे. मात्र त्याचे वेतन उद्योगाने द्यायचे किंवा संस्थेने स्वतःच्या पैशातून, नाहीतर त्याने मानद काम करायचे. पुण्यात हे जमेल. सेनगावात जमेल असे वाटत नाही.

त्यापेक्षा व्यवहार्य मार्ग म्हणजे विद्यापीठाच्या स्तरावर काही नियमित पदे निर्माण करून ती जिल्ह्याला देणे. हिंगोलीत विद्यापीठाचे स्वतःचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेज आहे. तिथे दोन पदे असली तरी आठवड्यातून एकेक दिवस बाकी तालुक्यांत जाता येईल, पाच महाविद्यालयांचा विखुरलेला कार्यभार एकत्र धरता येईल आणि त्या प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून मान्यताही मिळू शकेल. यासाठी नवा कायदा नको, कार्यभार मोजण्याची पद्धत बदलायला हवी. वित्त विभाग त्याला सहज तयार होणार नाही, कारण हीच मागणी मग गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमही करतील. त्यांनी ती करायलाच हवी.

दरम्यान, महाविद्यालयांवर आणखी एक जबाबदारी येऊन पडली आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. प्रवेश घेताना गोळा केलेली आधार, जात प्रमाणपत्रे, बँक पासबुक आणि मोबाइल क्रमांक सुरक्षित ठेवणे ही तेव्हा संस्थेची कायदेशीर जबाबदारी असेल. अनेक कार्यालयांत आज ही माहिती एका सामायिक संगणकावर, सर्वांना ठाऊक असलेल्या पासवर्डमागे पडून असते. ती सांभाळण्याचे काम कुणाला द्यायचे, असे प्राचार्य विचारतील तेव्हा बोट बहुधा त्याच तासिका तत्त्वावरील संगणक शिक्षकाकडे जाईल. मे महिन्यात त्याची नेमणूक संपलेली असते.